पाडायच्या यादीतली शाळा

मे महिन्यातल्या ग्रामसभेत आमच्या गावच्या जुन्या शाळेचा विषय निघाला. विषयपत्रिकेवर सहावा, रस्त्याच्या खडीकरणानंतर आणि 'आयत्या वेळच्या विषयां'च्या आधी. 'जुनी शाळा इमारत निर्लेखित करणेबाबत.' निर्लेखन हा शब्द एरवी गावात कुणाच्या तोंडात नसतो, पण अर्थ आता पोराटोरांनाही कळतो. आधी कागदावरून खोडायचं, मग जेसीबी लावायचा. ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी ठराव वाचला, सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, आणि पुढच्या विषयाकडे वळणार तेवढ्यात मागून तात्या उठले. वय चौऱ्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "पाडायला काय लागतंय रं? एक दिवस. त्या जागंवर काय करणार, ते आधी सांगा की."

कुणी म्हणालं गाळे काढू. कुणी म्हणालं सभामंडप. एक पोरगं म्हणालं पार्किंग. गावात चारचाकी मोजून अठरा आहेत, आणि त्या सगळ्या आपापल्या दारात उभ्या असतात. सभा हसली, सरपंचताईही हसल्या आणि विषय तहकूब झाला.

तात्यांचा हा प्रश्न आमच्या गावापुरता नाही. सातारा-सांगलीकडच्या शेकडो गावांत लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदांच्या आधीच्या, काळातल्या कौलारू शाळा आहेत. शेजारी स्लॅबच्या खोल्या झाल्या, मुलं तिकडे गेली, आणि जुनी इमारत कुलपात राहिली. आता पटच घसरल्यामुळे काही ठिकाणी नव्या खोल्यांचीही तीच गत व्हायची आहे. शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचा आकडा दिला होता. त्यांत मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. त्या शाळा बंद कराव्यात की नाही, यावर पुष्कळ बोललं गेलं आणि बोललं जायलाही हवं. पहिली ते पाचवीच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, हा नियम काही कुणी हौसेने केलेला नाही. पाटण-जावळीच्या जुलैतल्या पावसात तो एक किलोमीटर चालून बघावा. पण इमारतींचं काय, हा प्रश्न त्या सगळ्या चर्चेत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. इमारत म्हणजे जणू शाळेची सावली. शाळा हलली की आपोआप हलेल.

ती हलत नाही. ती तिथेच उभी राहते आणि गळते.

माझं म्हणणं असं आहे: शाळा उठली म्हणून इमारत निकामी होत नाही, आणि तिचं पुढे काय करायचं हे ठरवताना पाडणं ही शेवटची पायरी हवी. आज ती पहिली आहे. शिवाय ती जागा मुलांच्या नावावर गावाने दिलेली आहे. तिचा नवा वापरही मुलांच्या, निदान शिकणाऱ्यांच्या कामाचा असला पाहिजे. गाळे काढायला गावात दुसरी जागा नाही असं नाही.

इमारतींनी कामं बदलणं साताऱ्याला तसं नवं नाही. शहराच्या मधोमध प्रतापसिंह महाराजांनी वाडा बांधला. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४८ साली राज्यच खालसा केलं. राजा गेला, दरबार गेला, वाडा उरला. त्यांच्या भावाने, म्हणजे शहाजी ऊर्फ अप्पासाहेबांनी बांधलेल्या नव्या राजवाड्यात पुढे जिल्ह्याचं न्यायालय भरलं, आणि थोरल्या महाराजांच्या, म्हणजे प्रतापसिंहांच्या, जुन्या वाड्यात सरकारी हायस्कूल. आज ते प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं आणि जिल्हा परिषदेकडे आहे. या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद आहे. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो या नोंदीमुळे.

बाबासाहेबांनी साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानेलं राहायचं. राजाच्या वाड्यात शाळा भरली म्हणून शाळेने दार सगळ्यांना सारखं उघडलं, असं झालं नाही. इमारतीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. जुन्या शाळांबद्दल हळवं होणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचे आजोबा त्या वर्गात पुढच्या रांगेत बसलेले होते.

या वाड्याचं राष्ट्रीय स्मारक करावं, अशी मागणी अधूनमधून होते. भावना मी समजतो. पण स्मारक म्हणजे आपल्याकडे बहुधा काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ग्रॅनाइट, कारंजं, तिकिटाची खिडकी, आणि 'हात लावू नये' अशी पाटी. जिथे एका पोराला नळाला हात लावू दिला नाही, तिथे पुन्हा 'हात लावू नये' लिहायचं? त्यापेक्षा त्या आवारात शाळा भरत राहावी, मुलांनी मधल्या सुट्टीत धक्काबुक्की करत नळाला तोंड लावावं, आणि ते रजिस्टर त्याच मुलांना बघायला मिळावं. भिंती, तुळया, लाकूडकाम नीट करायला सरकारने पैसे द्यावेत, ते जरूर द्यावेत. पण मुलं बाहेर काढून नव्हे.

दुसरी गोष्टही याच जिल्ह्यातली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं; १९२७ साली गांधीजी येऊन गेले तेव्हा त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. भाऊरावअण्णांकडे इमारती कुठल्या? पुढे खेडोपाडी त्यांनी शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. एक शिक्षक, आणि जागा म्हणजे देवळाची ओवरी, चावडी, धर्मशाळा, कुणाचा तरी गोठा झाडून घेतलेला. गुरव देव पूजून गेला की गुरुजी पाटी घेऊन बसायचे. म्हणजे आपल्या भागात शाळा आधी आली आणि इमारत मागून, तीही गावाने वर्गणी काढून, बैलगाडीने दगड वाहून, कुणी जागेचं बक्षीसपत्र करून दिलं म्हणून. देवळाने एकेकाळी शाळेला जागा दिली. आता शाळा रिकामी झाली तर ती कुणाला तरी जागा देऊ शकते, एवढाच हिशेब आहे.

आता आमच्या इमारतीबद्दल. काळ्या दगडाच्या भिंती, तीन खोल्या, पुढे पडवी, वर सागवानी तुळया आणि मंगळुरी कौलं. दारावरच्या दगडात साल कोरलेलं आहे, पण दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी चुना, मग ऑइलपेंट, मग पुन्हा चुना असं होत होत आता त्या दगडावर नुसता उंचवटा हाताला लागतो. घंटा म्हणजे रेल्वे रुळाचा तुकडा, तारेने टांगलेला. पडवीच्या दुसऱ्या पायरीवर बोटभर रुंद, उथळ अशा चरांची रांग आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, दगड झिजला असेल. ते चर आम्ही पाडले. आम्ही म्हणजे आमच्या आधीच्यांनी, आम्ही आणि आमच्या नंतरच्यांनी. पाटीवरच्या पेन्सिलीला टोक काढायला तीच पायरी लागायची, कारण तिचा दगड खरबरीत होता. मी मोजले आहेत, सव्वीस आहेत. माझा कोणता, ते मला माहीत आहे असं मी लहानपणी समजत असे.

शाळा नव्या खोल्यांत गेल्यावर या इमारतीने काय काय केलं? रेशनचं दुकान झाली. तेव्हाचा रॉकेलचा वास मधल्या खोलीच्या भिंतीला अजून आहे, पावसाळ्यात जास्त येतो. काही दिवस जनावरांचा दवाखाना. गणेश मंडळाची आरास ठेवायची खोली. दर निवडणुकीला मतदान केंद्र. उत्तरेकडच्या भिंतीवर 'खोली क्र. २' असं निळ्या रंगात अजून आहे. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून परतलेली आमचीच माणसं चौदा-चौदा दिवस तिथे राहिली, त्यांचे डबे पडवीत ठेवून बायका लांब उभ्या राहायच्या. त्याही आधी, बाहत्तरच्या दुष्काळात, याच पडवीत सुकडी, म्हणजे मदतीचं कोरडं खाणं, वाटली गेली. तात्या म्हणतात, त्या वर्षी पोरं शाळेत यायची ती सुकडीसाठी, आणि शिकून गेली ती चुकून.

म्हणजे इमारत 'वापरात नाही' हे खरं नाही. जेव्हा अडतं तेव्हा सगळ्यांना तीच आठवते. सांगलीकडे तर हे अधिक ठळक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेचं पाणी पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या गावांत शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा माणसं नेली कुठे? उंचावरच्या शाळांत. बेंच बाजूला सारून तिथेच चूल मांडली, तिथेच बाळंतिणी झोपल्या. पाणी ओसरलं की पंचनामा घरांचा होतो, पिकांचा होतो. ज्या शाळेने तीनशे माणसं आठवडाभर सांभाळली तिच्या तुटलेल्या फरशीचा आणि तुंबलेल्या संडासाचा हिशेब कोण करतं? संकटात शाळा सरकारची, आणि दुरुस्तीत कुणाचीच नाही.

इथे समोरची बाजू भक्कम आहे, ती टाळणार नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात सरकारी शाळेचं छत कोसळलं, ७ मुलं गेली. त्यानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना शाळांचं सुरक्षा ऑडिट करायला सांगितलं, आणि कोणताही अधिकारी आता धोकादायक खोलीवर सही करून झोपू शकत नाही. शकायलाही नको. आपल्याकडे तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत. मातीत रचलेल्या दगडी भिंती त्या दिवशी कशा बाहेर फेकल्या गेल्या, ते पाटणकडच्या कुणालाही विचारा. जुनं ते भक्कम, ही समजूत निव्वळ खोटी आहे. दोन फूट जाडीची भिंत आत चिखलाची असेल तर ती जाडीच जिवावर उठते.

पण धोकादायक इमारत आणि दुर्लक्षित इमारत यांत फरक आहे, आणि पहिली बहुतेक वेळा दुसरीतून तयार होते. कौलारू छपराला दर वर्षी शाकारणी लागते. मे महिन्यात एक जाणता माणूस वर चढतो, फुटकी कौलं काढतो, नवी सरकवतो, रिपा बघतो. दीड-दोन दिवसांचं काम. ते एक वर्ष चुकलं की एका फुटक्या कौलातून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर. तीन पावसाळ्यांत वासा कुजतो, पाचव्या पावसाळ्यात तुळईचं टोक भिंतीत मऊ होतं, भिंतीचा माथा भिजतो. मग अभियंता येतो आणि लिहितो, 'इमारत मोडकळीस आलेली असून वापरास धोकादायक.' तो लिहितो ते खरंच असतं. पण ते पाच वर्षांपूर्वी वीसेक कौलांचं काम होतं, हे त्या नमुन्यात लिहायला रकाना नाही.

आम्ही विचारायला गेलो होतो. नव्या खोल्यांना सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, खडू-फळ्यापुरतं काहीबाही मिळतं, जुन्या इमारतीला शाकारणीपुरते पैसे मिळतील का? ज्या कार्यालयात गेलो तिथले साहेब सज्जन होते, चहा पाजला. म्हणाले, "त्या इमारतीला हेडच नाही. जिथे पट नाही तिथे हेड नाही. पाडायचा प्रस्ताव आणा, लगेच पाठवतो." पाडायला हेड आहे. बांधायलाही कदाचित मिळेल. जे उभं आहे ते उभं ठेवायला मात्र कुठल्या शीर्षाखाली पैसे टाकायचे, ते कुणाला माहीत नाही. दोष त्या साहेबांचा नाही. आपली सगळी व्यवस्थाच नारळ फोडण्याच्या बाजूने आहे. शाकारणीला नारळ कोण फोडतो, फोटो कोण काढतो?

गंमत अशी की शेजारच्या स्लॅबच्या खोल्याही गळतात. बांधून वीस वर्षं झाली नाहीत. दोन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून त्यांच्या स्लॅबवर पत्र्याचं शेड चढवलं. रस्त्याने जाताना बघा, निम्म्या गावांत स्लॅबवर पत्रा दिसेल. पाऊस शेवटी उतारालाच मानतो, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं.

मग करायचं काय? आधी जागेचे कागद बघावेत. कितीतरी शाळांच्या जागा दान दिलेल्या, पण सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव. मुलं बसतात तोवर कुणी काही बोलत नाही. इमारत पडली, मोकळं मैदान दिसलं, की तिसऱ्या पिढीतला वारस मोजणीदार घेऊन येतो. उभी भिंत हा सगळ्यात स्वस्त पुरावा असतो. पाडण्याची घाई करणाऱ्यांनी निदान एवढ्या स्वार्थापायी तरी थांबावं.

आणि मग वापर. याच जिल्ह्यातलं महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, ते काही ग्रंथालयाची टोलेजंग इमारत बांधून नव्हे. लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या दिल्या, देऊळ दिलं, पुस्तकं पंचवीसेक ठिकाणी मांडली. जिथे माणसं राहत्या घरातली खोली पुस्तकांना देतात तिथे रिकाम्या शाळेत अभ्यासिका का होऊ नये? आमच्या गावातली बारा-पंधरा पोरं-पोरी पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतात. पोरं तालुक्याला महिन्याला पैसे भरून खुर्ची घेतात. मुलींना संध्याकाळनंतर तालुक्याला बसू देत नाहीत, म्हणून त्या स्वयंपाकघरात, टीव्हीच्या आवाजात वाचतात. त्यांना गावातच एक खोली, चार ट्यूबलाइट आणि आतून लागणारी कडी मिळाली तर पुरे.

पण माझ्या मनात जे सगळ्यात पुढे आहे ते वेगळंच आहे, आणि ते ग्रामसभेत बोललं की लोक खाली बघतात. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या. कारखाना सुरू असेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, जुन्या शाळेच्या मागच्या पडीक रानात असतात. आईबाप पहाटे चारला फडात. मोठी पोरं धाकट्यांना सांभाळत बसतात. मागे राहणाऱ्या पोरांसाठी त्यांच्या गावाकडे हंगामी वसतिगृहं असतात, पण सगळी पोरं काही मागे राहत नाहीत, हे आम्ही दर वर्षी डोळ्यांनी बघतो. थंडी वाजायला लागली की ती पोरं ऊन खायला जुन्या शाळेच्या पडवीत येतात. कुलूपबंद दाराला टेकून बसतात. साखरशाळा हा शब्द आपल्याच भागात वापरात होता. या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात भरणारी शाळा. आमच्या इमारतीत तीन खोल्या आहेत, आणि तिच्या मागे दर वर्षी पाच महिने वीस-पंचवीस मुलं उघड्यावर असतात. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघायला कुठलीही समिती लागत नाही.

"ती काय आपल्या गावची पोरं आहेत का?" असं एक जण मला म्हणाला. वाईट माणूस नाही तो. दिवाळीला कोप्यांवर फराळ वाटतो. पण एकेकाळी कोपऱ्यात गोणपाटावर बसवलेल्या पोरांबद्दलही गावाचं म्हणणं काही फार वेगळं नसणार.

विषय पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे. आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी काढली आणि निदान या वर्षाची शाकारणी करायचं ठरवलं. पण शाकारणारा माणूस मिळेना. आमच्या गावचा शेवटचा गडी गुडघ्यांनी बसला आहे, वर चढत नाही. शेवटी तो खाली खुर्ची टाकून बसला, वर त्याचा नातू चढला, आणि म्हातारा खालून ओरडत राहिला, "ते नव्हं, त्याच्या डावीकडचं. आरं दाबू नगं, सरकव." एका दिवसात निम्मं छप्पर झालं. उरलेलं व्हायच्या आत पाऊस आला.

आत जाऊन गळतं कुठे ते बघायचं होतं, पण कुलपाची किल्ली सापडली नाही. रेशनवाला म्हणतो ग्रामपंचायतीत दिली, ग्रामपंचायत म्हणते रेशनवाल्याकडेच आहे.